महाजादूगार शेळ्या राखतो तेव्हा

१९९० साली अमेरिकेत ‘तेहानू’ नावाची कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिका उर्सुला के. ल गुइन. पुस्तकाचे उपशीर्षक होते, ‘अर्थसीचे शेवटचे पुस्तक’. या मालिकेचा आधीचा, म्हणजे तिसरा भाग १९७२ साली आला होता. मधे अठरा वर्षे गेली होती. तिसरा भाग ज्याने बाराव्या वर्षी वाचला, तो मुलगा चौथा भाग हाती येईपर्यंत तिशीचा झालेला होता. त्याने पुस्तक उघडले ते आपल्या लाडक्या गेडला, अर्थसीच्या महाजादूगाराला, पुन्हा भेटण्यासाठी. पण पहिल्या पानांत त्याला भेटली एका शेतकऱ्याची विधवा आणि तिने सांभाळायला घेतलेली, अर्धा चेहरा भाजलेली एक लहान मुलगी. गेड पुष्कळ पुढे आला, तोही बेशुद्ध अवस्थेत. शुद्धीवर आल्यावर तो राजाच्या माणसांपासून लपून बसला, आणि मग डोंगरावर शेळ्या राखायला निघून गेला.

या पुस्तकाला मोठे पुरस्कार मिळाले आणि त्याच्यावर मोठा रागही निघाला. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या इतिहासात एखाद्या उत्तरभागावर इतक्या परस्परविरोधी प्रतिक्रिया क्वचितच उमटल्या असतील. हा राग नेमका कशाचा होता, तो आधीच्या काळातल्या वाचकांच्या रागापेक्षा वेगळा होता का, आणि लेखिकेने त्याला काय उत्तर दिले, हे तपासावे असे गेली काही वर्षे माझ्या मनात होते. मी कुठल्या विद्यापीठात नाही. जुन्या आवृत्त्या, प्रस्तावना, भाषणे आणि परीक्षणे जमवत जे हाती लागले त्याच्या आधारे ही मांडणी करतो आहे.

पत्रे लिहिणारी मुले

पुस्तकाच्या पुढच्या भागात काय व्हावे याविषयी तरुण वाचकांनी लेखकाला दटावण्याची प्रथा जुनी आहे. लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा पहिला भाग १८६८ च्या शरदात आला आणि लगेच गाजला. दुसरा भाग लिहायला घेतला तेव्हा मुलींची पत्रे येऊ लागली होती. या चौघी बहिणींची लग्ने कुणाशी होणार, एवढाच त्यांचा प्रश्न. ज्योचे लग्न शेजारच्या लॉरीशीच व्हावे अशी बहुतेकींची इच्छा. अल्कॉट स्वतः अविवाहित होती. कुणाच्या समाधानासाठी ज्योला लॉरीच्या गळ्यात बांधणार नाही, असे तिने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. १८६९ मध्ये दुसरा भाग आला, त्यात ज्योने वयाने मोठ्या, मध्यमवयीन जर्मन प्राध्यापकाशी लग्न केले. वाचकांची अर्धी मागणी तिने मान्य केली, म्हणजे लग्न लावून दिले. आणि अर्धी मोडून काढली.

दुसरे उदाहरण एल. फ्रँक बॉमचे. ‘ओझचा अद्भुत जादूगार’ १९०० साली आला. १९०४ मध्ये त्याने ओझच्या भूमीवर दुसरे पुस्तक लिहिले, पण त्यात डोरोथी नव्हती. मुलांना डोरोथी हवी होती. १९०७ च्या तिसऱ्या पुस्तकात ती परत आली, आणि प्रस्तावनेत बॉमने ते मुलांच्या पत्रांमुळेच केल्याचे मोकळेपणाने सांगितले. पुढे त्याला या मालिकेचा कंटाळा आला. १९१० च्या सहाव्या पुस्तकात त्याने ओझची भूमी जगाला दिसेनाशी करून टाकली. आता तिथून काहीच बातमी येणार नाही, म्हणजे गोष्टही संपली. मग त्याने समुद्रातल्या पऱ्यांची, आकाशातल्या बेटाची अशी दुसरी पुस्तके लिहिली. ती ओझइतकी खपली नाहीत. १९११ साली त्याचे दिवाळे निघाले. १९१३ मध्ये तो ओझकडे परतला. बातमी कशी मिळाली, याचे स्पष्टीकरण त्याने सातव्या पुस्तकाच्या सुरुवातीला दिले आहे : एका मुलाने सुचवले होते की डोरोथीशी बिनतारी संदेशाने बोलता येईल. बॉमने ती कल्पना उचलली. १९१९ मध्ये तो वारला, तोवर ओझची चौदा पुस्तके लिहून झाली होती. शेवटचे त्याच्या मृत्यूनंतर १९२० मध्ये निघाले.

या दोन्ही घटनांत वाचकांना काहीतरी हवे होते. अल्कॉटच्या वाचकांना एक लग्न हवे होते, बॉमच्या वाचकांना डोरोथी हवी होती. मागणी पुढची होती. ‘तेहानू’च्या बाबतीत मात्र चित्र उलटे दिसते. तिथे अनेक वाचकांची तक्रार अशी होती, की जे संपले होते ते तसेच संपलेले का राहू दिले नाही. ही तक्रार समजण्यासाठी आधी काय संपले होते ते पाहावे लागेल.

तीन पुस्तके आणि एक शेवट

१९६७ च्या सुमारास बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशन संस्थेच्या हर्मन शाइन यांनी ल गुइनला किशोरवयीनांसाठी एक पुस्तक लिहायला सांगितले. विषयाचे कसलेही बंधन घातले नाही. तिने यापूर्वी, १९६४ साली, एका मासिकात द्वीपसमूहातल्या जादूगारांच्या दोन छोट्या कथा लिहिल्या होत्या. त्या द्वीपसमूहाकडे ती परत गेली. तोवरच्या गोष्टींतले जादूगार पांढऱ्या दाढीचे म्हातारे असत. ते एके काळी तरुण असतीलच की, मग ते शिकले कुठे, या प्रश्नातून ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) हे पहिले पुस्तक उभे राहिले.

गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावरच्या लोहाराचा मुलगा शेळ्या राखतो. त्याची मावशी गावची चेटकीण आहे. शेळ्यांना बोलावण्याचा एक मंत्र तो तिच्या तोंडून ऐकतो आणि तसाच म्हणून पाहतो. शेळ्या त्याच्याभोवती गोळा होतात. हा त्याचा पहिला मंत्र. पुढे तो रोक बेटावरच्या जादूविद्यालयात जातो, गर्वाने एक काळी सावली मोकळी करतो, आणि शेवटी तिला स्वतःच्याच नावाने हाक मारून आपलीशी करतो. १९७१ च्या दुसऱ्या पुस्तकात, ‘द टूम्ब्ज ऑफ ॲटुआन’मध्ये, टेनार ही मुलगी आहे. लहानपणीच घरातून उचलून तिला अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण केलेले आहे. भुयारात चोरासारखा शिरलेला गेड तिच्या ताब्यात सापडतो. ती त्याला मारत नाही, आणि दोघे तिथून सुटतात. या पुस्तकाला न्यूबेरी पुरस्काराच्या सन्मानयादीत स्थान मिळाले. १९७२ च्या ‘द फार्दस्ट शोअर’मध्ये जगातली जादू झिरपून चालली आहे. प्रौढ गेड आणि तरुण राजपुत्र आरेन मृतांच्या देशात जातात, तिथली फट बुजवतात, आणि त्या कामात गेडची सगळी शक्ती खर्च होते. या पुस्तकाला १९७३ चा अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला.

त्याचा शेवट फार देखणा आहे. आरेन राजा होणार आहे. गेड ड्रॅगनच्या पाठीवर बसून आपल्या बेटाकडे निघून जातो. पुढे काय झाले याविषयी दोन हकिकती सांगितल्या जातात. एक म्हणते, तो राज्याभिषेकाला आला आणि मग आपल्या छोट्या होडीतून एकटाच पश्चिमेला, समुद्रात दूर निघून गेला. दुसरी म्हणते, तो गॉन्टच्या डोंगरातल्या अरण्यात गेला, राजा त्याला भेटायला आला, पण त्याने शोध करू दिला नाही. दोन्हींपैकी कुठलीही खरी धरा. नायक धुक्यात नाहीसा होतो. वाचकाला त्याचे म्हातारपण पाहावे लागत नाही. अठरा वर्षे वाचक या धुक्याला मनात जपून होते.

अठरा वर्षांनंतर

वाचकांसाठी अठरा वर्षे गेली होती, पण गेडसाठी फार तर काही दिवस. ‘तेहानू’त तो थेट त्या ड्रॅगनच्या पाठीवरूनच उतरतो. वाचक मोठे झाले होते, नायक मात्र कालच्याच जखमा घेऊन आला होता. त्या अंतरातच गैरसमजाचे बीज होते, असे मला वाटते.

कादंबरी टेनारची आहे. ॲटुआनहून सुटल्यावर गेडने तिला आपले गुरू ओगियन यांच्याकडे पोचवले. जादूविद्या शिकण्याची वाट तिच्यापुढे खुली होती. तिने ती सोडली, एका शेतकऱ्याशी लग्न केले, दोन मुले वाढवली, आणि आता ती विधवा आहे. तिच्या पदरात आलेली मुलगी थेरू हिच्यावर तिच्याच माणसांनी अत्याचार करून तिला आगीत ढकलून दिलेले आहे. एक डोळा गेला आहे, एक हात पंज्यासारखा आखडला आहे. या मुलीला जगवणे, तिच्यामागे येणाऱ्या माणसांपासून वाचवणे, ओगियनचा मृत्यू सोसणे, गेडची शुश्रूषा करणे, दूध काढणे, चूल पेटवणे, भांडी घासणे, हेच कादंबरीचे कथानक. हल्लेखोर घरावर येतात तेव्हा गेड त्यांना मंत्राने हटवत नाही. गवत उचलण्याचे दाताळे हातात घेतो. नंतर तो आणि टेनार एकत्र राहू लागतात. शेवटी संकटातून सोडवते ती थेरू. तिच्या हाकेला ड्रॅगन येतो आणि तिचे खरे नाव घेतो : तेहानू.

तक्रारी कोणत्या होत्या

पहिल्यांदा हे नोंदवायला हवे की पुस्तक पडले नाही. १९९० चा सर्वोत्कृष्ट कादंबरीचा नेब्युला पुरस्कार त्याला मिळाला. तो लेखकांच्या मतांनी ठरतो. १९९१ चा अद्भुतरम्य कादंबरीचा लोकस पुरस्कारही मिळाला. तो ‘लोकस’ मासिकाच्या वाचकांच्या मतांनी ठरतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ग्रंथपुरवणीत रॉबिन मॅककिन्ली या स्वतः किशोरवयीनांसाठी अद्भुतकथा लिहिणाऱ्या लेखिकेने अनुकूल परीक्षण केले. म्हणजे ‘वाचकांनी नाकारलेले पुस्तक’ हे वर्णन खरे नाही. वाचक दुभंगले, असे म्हणणे जास्त बरोबर.

नाराज वाचकांच्या आणि समीक्षकांच्या तक्रारी मी पाच गटांत मांडतो. एक, गेडला हीनदीन केले. ज्याने मृत्यूच्या देशात जाऊन जग वाचवले, त्याला शरमेने लपणारा माणूस का करावे? दोन, यात साहस नाही, घरकाम आहे. तीन, लहान मुलीवरच्या अत्याचाराचा विषय किशोरांच्या मालिकेत कशासाठी? ज्या कपाटात पहिली तीन पुस्तके आहेत त्यात हे ठेवायचे की नाही, हा ग्रंथपालांपुढचा खराखुरा प्रश्न होता. चार, लेखिकेने कथेवर स्त्रीवादी भूमिका लादली आहे. यातले बहुतेक पुरुष दुष्ट, नाहीतर मठ्ठ. पाचवी तक्रार माझ्या मते सर्वांत खोल आहे : या पुस्तकाने आधीची तीन पुस्तके बदलून टाकली.

ही पाचवी तक्रार थोडी उलगडायला हवी. पहिल्या तीन पुस्तकांत रोकच्या विद्यालयात स्त्रिया नाहीत. जादूगार ब्रह्मचारी असतात, पण त्याविषयी कुणी काही बोलत नाही. बायकांची जादू कमकुवत आणि दुष्ट, अशा अर्थाच्या म्हणी पहिल्या पुस्तकात सहज येऊन जातात. बारा वर्षांचा वाचक हे सगळे त्या जगाचे हवापाणी म्हणून स्वीकारतो. ‘तेहानू’त मॉस नावाची गावठी चेटकीण टेनारला सांगते की जादूगार स्वतःवरच मंत्र घालून वासना बंद करतात. एकदा हे वाक्य वाचले की पहिल्या पुस्तकाकडे परत जाताना वाचक तोच राहत नाही. म्हणी खुपू लागतात, आणि त्या विद्यालयाच्या बंद दारांकडे लक्ष जाते. मूळ संहितेतला एक शब्दही बदललेला नसतो. तरी पुस्तक बदललेले असते. बालपणीचे आवडते पुस्तक आपल्या परवानगीशिवाय कुणी बदलले, तर माणूस रागावणारच.

लेखिकेचे उत्तर

ल गुइनने या रागाला उत्तर दिले. १९९२ साली ऑक्सफर्ड येथे तिने एक व्याख्यान दिले. १९९३ मध्ये ते ‘अर्थसी रिव्हिजन्ड’ या नावाने छोट्या पुस्तिकेच्या रूपात निघाले. त्यातला मुख्य मुद्दा असा की वीरकथेची सबंध परंपरा पुरुषांची आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की ती पुरुषांची आहे हेच दिसत नाही. पहिली पुस्तके लिहिताना आपणही त्याच परंपरेत राहून लिहिले, हे ती मान्य करते. ‘तेहानू’त तिने उभे राहण्याची जागा बदलली. तेच बेट, तेच जग. फक्त आता ते सत्ता नसलेल्यांच्या उंचीवरून पाहायचे.

चौथे पुस्तक लिहिण्याचा प्रयत्न तिने सत्तरच्या दशकातच केला होता. टेनार शेतकरीण झाली आहे एवढे तिला दिसले होते, पण ती तशी का झाली हे कळेना, म्हणून लेखन अडले. मधल्या वर्षांत स्त्रियांच्या चळवळीने तिला जे विचारायला शिकवले, त्यातून ही वाट सापडली. म्हणजे बाहेरची भूमिका आणून कथेवर चिकटवली, हा आरोप निदान लेखनाच्या इतिहासाशी जुळत नाही. प्रश्न कथेतूनच आला होता. दुसऱ्या पुस्तकाची नायिका तिसऱ्यात गेली कुठे? जगाच्या भवितव्याची लढाई चालू असताना, जिने गेडचा जीव वाचवला ती टेनार नावापुरती उरते, हे विचित्र नव्हे काय?

इथे मला पहिल्या पुस्तकाची पहिली पाने महत्त्वाची वाटतात. गेडचा पहिला मंत्र शेळ्या बोलावण्याचा होता, आणि तो त्याने एका गावठी बाईकडून घेतला होता. त्याच विद्येला पुढे पुस्तक कमी लेखते. ‘तेहानू’त गेड शेळ्यांकडे परत जातो तेव्हा लेखिका त्याची फजिती करते, असे अनेकांना वाटले. पण पहिल्या पुस्तकात उघडे राहिलेले एक खाते ती इथे मिटवते आहे. उत्तरभागाला जुने पुस्तक बदलण्याचा अधिकार कधी असतो, याची माझी कसोटी हीच आहे : बदलाचे बी जुन्या पुस्तकातच पडलेले असेल तर. ‘तेहानू’ या कसोटीला उतरते. चौथ्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. री ॲल्बीचा जादूगार किंवा टेनारचा मुलगा स्पार्क ही माणसे पुरेशी उभी राहत नाहीत. लेखिकेला त्यांच्याविषयी कुतूहल नाही. पहिल्या पुस्तकात शत्रूलाही जी खोली होती, ती इथे सापडत नाही.

आपल्याकडचे दोन उत्तरभाग

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. विजयानंतर वीराचे काय होते, हा प्रश्न आपल्या परंपरेने टाळलेला नाही. महाभारताच्या मौसलपर्वात द्वारकेतल्या यादवस्त्रियांना घेऊन अर्जुन निघतो. वाटेत आभीर लुटारू हल्ला करतात. अर्जुनाला गांडीव धनुष्य चढवताना कष्ट पडतात, अस्त्रे आठवत नाहीत, भाते रिकामे होतात, आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रिया पळवल्या जातात. तो व्यासांकडे जातो, व्यास त्याला सांगतात की तुझे काम संपले. कुरुक्षेत्र मुलांना सांगितले जाते; मौसलपर्व क्वचितच. गेडची कथा त्याच जागी सुरू होते. फरक एवढाच की अर्जुनाला पुढे महाप्रस्थान आहे, गेडला मात्र रोज सकाळी उठून शेळ्या चरायला न्यायच्या आहेत.

दुसरे उदाहरण उत्तरकांडाचे. रावणवधानंतर आणि राज्याभिषेकानंतर सीतेचा त्याग येतो. हा शेवट न पटलेल्यांत भवभूतीसारखा कवीही होता. आठव्या शतकातला हा नाटककार आपले मूळ विदर्भातल्या पद्मपूरचे सांगतो. ‘उत्तररामचरिता’त त्याने तीच कथा घेतली, पण शेवटी नाटकातले नाटक रचून राम आणि सीता यांची भेट घडवली. उत्तरभागावरची ही आपल्याकडची सर्वांत देखणी वाचक-प्रतिक्रिया मानायला हरकत नाही. भवभूतीने तक्रार केली नाही. दुसरा उत्तरभाग लिहिला.

शक्ती गेल्यानंतरचा माणूस

पहिल्या तक्रारीविषयी, म्हणजे गेडच्या लपण्याविषयी, मला स्वतःचे थोडे सांगायचे आहे. मी तरुणपणी तार कार्यालयात लागलो. मध्यरात्री आलेली तार टेलिप्रिंटरवर उतरवून घेताना, गावातल्या एका घराची बातमी त्या घराआधी आपल्याला कळलेली असते, याचे एक वेगळेच वजन असे. लोक ओळखत, वाट पाहत, घाबरतही. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली. त्याआधीच कामे कमी होत गेली होती, आणि आम्हाला दुसरीकडे सामावून घेतले गेले. पोटाचा प्रश्न आला नाही. पण पुढचे कित्येक महिने बाजारातून जाताना मी ओळखीची माणसे टाळत असे. कुणी “साहेब, आता काय करता?” असे विचारील, याचीच धास्ती.

‘तेहानू’ मी त्यानंतर वाचले. राजाचे लोक गेडला सन्मानाने न्यायला येतात आणि तो त्यांना तोंड दाखवू शकत नाही, हा भाग अनेक वाचकांना अविश्वसनीय वाटला. मला तो पुस्तकातला सर्वांत खरा भाग वाटतो. ज्याची ओळख कामाशी इतकी जोडलेली असते की काम गेल्यावर आत काही शिल्लक आहे का हे त्यालाच ठाऊक नसते, तो माणूस सत्कारालाच अधिक घाबरतो. टेनार त्याच्यावर चिडते, आणि ते चिडणेही खरे आहे. तिने पंचवीस वर्षे बिनमंत्राचे जगून दाखवलेले असते, आणि हा चार दिवसांत कोलमडतो.

माझ्या घरी रविवारी आठ-दहा मुले वाचायला जमतात. काहींनी ही पुस्तके इंग्रजीतून वाचली, काहींना मी मराठीतून सांगितली. चौथ्या पुस्तकावरून त्यांच्यातही तट पडले. दहावीतला एक मुलगा म्हणाला, “काका, मग तिसऱ्या पुस्तकात त्याने एवढं सगळं केलं कशासाठी?” त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, “थेरूला जागा मिळावी म्हणून. राजा गादीवर बसला तरी तिला कुणी वाचवलंच नव्हतं.” मुलाचे समाधान झाले नाही, आणि ते व्हावे असा माझाही आग्रह नव्हता. १९९० सालचा वाद इतक्या वर्षांनी माझ्या ओसरीवर जसाच्या तसा चालू आहे, एवढे मात्र लक्षात आले.

शेवटचे पुस्तक शेवटचे राहिले नाही

‘तेहानू’चे उपशीर्षक फार काळ टिकले नाही. १९९८ मध्ये ल गुइनने एक दीर्घकथा लिहिली. त्यात आयरियन नावाची तरुणी रोकच्या विद्यालयाच्या दाराशी येऊन उभी राहते. २००१ मध्ये एक कथासंग्रह आणि ‘द अदर विंड’ ही पाचवी कादंबरी आली. तिला २००२ चा जागतिक फँटसी पुरस्कार मिळाला. कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत तिने लिहिले की चौथे पुस्तक संपवताना कथा ‘आता’पर्यंत येऊन पोचली असे वाटले होते; पण ‘आता’ पुढे सरकत राहतो. नंतरच्या आवृत्त्यांतून ‘शेवटचे पुस्तक’ हे शब्द गेले. पाचव्या कादंबरीत मृतांच्या देशाची भिंतच पाडली जाते, म्हणजे तिसऱ्या पुस्तकातल्या विजयाचा अर्थ पुन्हा बदलतो. यावेळी राग मात्र तसा उसळला नाही. वाचकांची एक पिढी ‘तेहानू’च्या आधी वाढली होती आणि एक तिच्यासकट. ज्यांनी सगळी पुस्तके ओळीने, एका उन्हाळ्यात वाचली, त्यांच्या मनात जपण्यासारखे अठरा वर्षांचे धुके नव्हतेच. त्यांच्यासाठी गेडचे शेळ्यांकडे जाणे हे कथेतले पुढचे प्रकरण होते. वाचकांची प्रतिक्रिया पुस्तकात काय आहे यावर जितकी अवलंबून असते, तितकीच दोन पुस्तकांच्या मधे किती काळ गेला यावरही असते, हा या अभ्यासातून माझ्या हाती लागलेला ठोस निष्कर्ष.

जानेवारी २०१८ मध्ये ल गुइन पोर्टलंड येथे वारली, वयाच्या ८८ व्या वर्षी. त्याच वर्षी तिची ‘फायरलाइट’ ही अर्थसीची शेवटची कथा प्रसिद्ध झाली. म्हातारा गेड गॉन्टवरच्या घरात अंथरुणाला खिळलेला आहे. टेनार जवळ आहे. तो आपले जुने प्रवास आठवतो, आणि त्याच्या मनात त्याची जुनी छोटी होडी समुद्रावर निघते. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या दोन हकिकतींपैकी पहिली, ज्यात तो एकटाच होडीतून पश्चिमेला गेला, ती वाचकांना सर्वांत प्रिय होती आणि ‘तेहानू’ने ती हिरावून घेतली असे त्यांचे म्हणणे होते. शेहेचाळीस वर्षांनी लेखिकेने ती त्यांना परत दिली. यावेळी होडी निघते ती चुलीच्या उजेडातल्या एका अंथरुणावरून, आणि टेनार तिथेच बसलेली असते.